अपघातानंतरचा पहिला तास : जखमीचा आणि चालकाचाही

२९ नोव्हेंबर २०२४ ची दुपार आपल्या गोंदिया जिल्ह्यातले लोक लवकर विसरणार नाहीत. भंडाऱ्याहून गोंदियाकडे येणारी एसटीची शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात खजरीजवळ, बिंद्रावनटोला येथे उलटली. ११ जणांचा जीव गेला आणि २५ हून जास्त प्रवासी जखमी झाले. त्या दिवशीच्या बातम्यांत दोन गोष्टी सोबतच आल्या होत्या. एक, दुचाकीला वाचवण्याच्या प्रयत्नात बस उलटली. दुसरी, अपघातानंतर चालक पसार झाला.

ही दुसरी गोष्ट वाचली की बऱ्याच लोकांचा निकाल तिथेच लागतो. "पळाला ना, मग चूक त्याचीच." त्या चालकाची चूक किती होती हे तपासाने आणि न्यायालयाने ठरवायचे आहे, मी त्यावर काही बोलणार नाही. पण "पळाला म्हणजे दोषी" हे समीकरण मला डॉक्टर म्हणून पटत नाही. आणि "जमाव मारेल म्हणून पळालो, त्यात माझे काय चुकले" हे उत्तरही तितकेच पटत नाही. आजचा लेख या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

आरोग्याच्या लेखात कायदा कशाला, असे कोणी विचारेल. कारण साधे आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम १३४ अपघातानंतर चालकाने काय करायचे ते सांगते आणि त्याच कलमात डॉक्टरने काय करायचे तेही सांगते. कायद्याने आम्हा दोघांना एकाच परिच्छेदात बसवले आहे. जखमी माणसाचा जीव वाचण्यात त्या दोघांचाही वाटा असतो.

त्या तासात जखमीच्या शरीरात काय घडते?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. मांडीचे हाड मोडले, तर बाहेर एक थेंब न दिसताही आत एक ते दीड लिटर रक्त साचू शकते. कंबरेचे हाड, म्हणजे पेल्व्हिस मोडले तर त्याहूनही जास्त. एकूण रक्ताच्या ४० टक्क्यांच्या आसपास रक्त गेले की जीव वाचवणे फार कठीण होते. बेशुद्ध माणूस उताणा पडला असेल, तर जीभ मागे पडून किंवा तोंडातले रक्त श्वासनलिकेत जाऊन तो काही मिनिटांतच गुदमरू शकतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर वेळेत इलाज होतो. म्हणूनच दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला "गोल्डन अवर" म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ही व्याख्या मोटार वाहन कायद्यातही आली आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई-कोलकाता महामार्ग सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी असा जंगलातून छत्तीसगडकडे जातो. चिचगड किंवा केशोरीकडच्या जखमीला गोंदियाच्या मोठ्या रुग्णालयात तासाभरात पोहोचवणे अवघडच. म्हणजे या तासातली पहिली दहा मिनिटे कोणी फोनच केला नाही, तर पुढे आम्ही कितीही धावपळ केली तरी ती दहा मिनिटे परत येत नाहीत. रात्रीच्या सुनसान रस्त्यावर, अपघात झाला हे माहीत असलेला एकच शुद्धीवरचा माणूस असतो. तो म्हणजे चालक.

आणि चालकाच्या डोक्यात काय घडते?

धडक बसली की अ‍ॅड्रेनलीनचा लोंढा येतो. हृदयाचे ठोके वाढतात, हातपाय थरथरतात, नजर एकाच गोष्टीवर खिळते. शरीराला त्या क्षणी लढा, पळा किंवा गोठून जा एवढेच सुचते. कायमचा सज्जन माणूससुद्धा अशा वेळी गाडीतून उतरून शेतात धावत सुटतो. नंतर विचारले तर तो सांगतो, "डॉक्टरसाहेब, मला काही समजलंच नाही." हे नेहमी खोटे असतेच असे नाही.

काही कारणे तर शुद्ध वैद्यकीय असतात. डोक्याला मार लागला की माणूस चालतो, बोलतो, पण मधला काळ त्याच्या आठवणीतून पुसला गेलेला असतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, उलट्या होणे ही त्याची खूण. मधुमेह असलेल्या चालकाची साखर एकदम उतरली, तर तो दारू प्यायल्यासारखा वागू शकतो. फिट येऊन गेल्यावर काही वेळ माणूस गोंधळलेला असतो. सलग वीस-वीस तास गाडी चालवणाऱ्या ट्रकचालकाला झोपेची डुलकी लागते, ती त्याला स्वतःलाही कळत नाही.

भरलेल्या मोठ्या ट्रकच्या मागच्या चाकाला दुचाकीचा धक्का लागला, तर रात्रीच्या वेळी चालकाला तो जाणवलाच नाही, असेही होऊ शकते. "मला माहीतच नव्हते" हा बचाव प्रत्येक वेळी खोटा समजून चालत नाही. तो खरा आहे की नाही हे धडकेची जागा, गाडीवरच्या खुणा आणि सीसीटीव्ही चित्रण यांवरून तपासावे लागते.

हे सगळे सांगण्याचा अर्थ चालकाला माफ करा, असा नाही. शरीराची पहिली प्रतिक्रिया पाच-दहा मिनिटांची असते. त्यानंतर माणूस पुन्हा विचार करू शकतो. पहिल्या पाच मिनिटांत तो घाबरून धावला, हे मी समजू शकतो. पुढचे पाच तास त्याने फोन बंद ठेवला, हे अ‍ॅड्रेनलीनच्या खात्यावर टाकता येत नाही.

कायदा नेमके काय म्हणतो?

कलम १३४ नुसार चालकावर तीन कामे आहेत. पहिले, जखमीला जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोहोचवण्यासाठी शक्य ते सर्व करणे. दुसरे, पोलिसांना माहिती देणे. तिथे पोलीस नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जाऊन सांगणे. तिसरे, विमा कंपनीला लेखी कळवणे.

पहिल्या कामाला कायद्याने स्वतःच एक सूट ठेवली आहे. जमाव संतापलेला असेल किंवा चालकाच्या हाताबाहेरचे दुसरे कारण असेल आणि त्यामुळे मदत करणे शक्य नसेल, तर त्याला दोष लागत नाही. म्हणजे जमावाची भीती हा वकिलाने काढलेला बहाणा आहे, असे समजू नका. ती कायद्याच्या मजकुरातच आहे.

पण ही सूट फक्त पहिल्या कामाला आहे, हे बहुतेक चालकांना कोणी सांगितलेले नसते. पोलिसांना कळवण्याचे काम त्यातून सुटत नाही. उलट कायदा म्हणतो की जखमीला मदत का करता आली नाही, तेही पोलीस ठाण्यात सांगा. जमावापासून जीव वाचवून थेट पोलीस ठाण्यात गेलेला चालक आणि जमावाचे कारण सांगून गावी निघून गेलेला चालक, यांच्यात फरक आहे. पहिल्याकडे चांगला बचाव आहे. दुसऱ्याने तो स्वतःच्या हाताने घालवला आहे. ही कर्तव्ये न पाळल्यास कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या भारतीय दंड विधानात ती २ वर्षे होती. कलम १०६(२) मध्ये, असा मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला १० वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. याच कलमावरून जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. त्यानंतर सरकारने वाहतूकदार संघटनेशी बोलूनच पुढचा निर्णय घेऊ असे सांगितले आणि संहिता लागू करताना हे पोटकलम बाजूला ठेवले.

मग बचाव कशावर उभा राहतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आरोपी चालकाला वकील मिळणे ही मेहरबानी नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या प्रत्येकाला तो अधिकार दिला आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. विधी सेवेचा मदत क्रमांक १५१०० आहे. १०६(१) खालचा गुन्हा जामीनपात्र आहे, हेही चालकाच्या घरच्यांना माहीत असावे. "पोलिसांकडे गेलो की कायमचा आत" या भीतीने लोक लपतात.

पळून जाणे हा न्यायालयात एक मुद्दा जरूर होतो, पण तेवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. वेग, वळण, रस्त्याची स्थिती, समोरच्याची चूक हे सगळे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. नुसती "गाडी जोरात होती" ही साक्ष पुरेशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात म्हटले आहे.

पोलिसांना माहिती देणे आणि गुन्हा कबूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठे, केव्हा, कोणती गाडी, किती जखमी, मी कुठे आहे, एवढे सांगणे कर्तव्य आहे. "चूक माझीच" असे म्हणण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. बाकीचे वकिलाशी बोलून सांगता येते.

आता माझ्या विषयाचा भाग. चालकाच्या बचावाचे पुष्कळसे पुरावे त्याच्या स्वतःच्या शरीरावर असतात आणि ते लवकर नाहीसे होतात.

दारूचेच घ्या. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणे गुन्हा आहे. शरीर ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने ते कमी करते. म्हणून प्यायलेला चालक वाट पाहतो, "उतरू दे, मग जाऊ." पण न प्यायलेला चालक जेव्हा घाबरून दुसऱ्या दिवशी येतो, तेव्हा त्याने आपला सर्वांत मोठा पुरावा घालवलेला असतो. त्या रात्री तासाभरात घेतलेल्या रक्तात अल्कोहोल शून्य आले असते, तर पुढे कोणी काही म्हणू शकले नसते. उशिरा आलेल्या रिपोर्टवर कोणाचा विश्वास बसत नाही, आणि तो प्यायलेला होता असे गाव आयुष्यभर म्हणत राहते.

तीच गोष्ट जखमांची. जमावाने मारले असेल तर त्याचे वळ, डोक्याला मार असेल तर शुद्धीची स्थिती, साखर उतरली असेल तर त्या क्षणीची शुगर, हे सगळे काही तासांत बदलते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून सीटबेल्टचा वळ त्याच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो. शेजारच्या प्रवाशाचा उलटा असतो. गाडी कोण चालवत होते हा वाद पुढे निघाला, तर हा वळ उपयोगी पडतो. आठ-दहा दिवसांनी तो दिसतही नाही.

आम्हा डॉक्टरांचे काम

कॅज्युअल्टीत चालक आला की आमच्यापैकी काही जणांच्या कपाळावर आठी येते. नातेवाईक बाहेर ओरडत असतात, आतला मृत्यू आम्ही नुकताच पाहिलेला असतो. तरीही तो रुग्ण आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे की जखमी निर्दोष असो वा आरोपी, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले काम. पोलिसांचे कागद नंतर.

एमएलसीच्या नोंदीत येण्याची वेळ, जखमांचे माप, शुद्धीची पातळी, साखर, तोंडाला वास आहे की नाही, हे जसे दिसले तसे लिहावे. अल्कोहोलसाठी रक्त घेताना त्वचा स्पिरीटने पुसू नये, हे आम्हाला शिकवलेले असते, पण घाईत विसरले जाते. "चालक दोषी दिसतो" किंवा "चालकाची चूक नाही" असे शेरे लिहिणे आमचे काम नाही.

आणि हे कागद विकाऊ नसावेत. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय त्यावर निकाल देईल. पण अशा एका बातमीने राज्यातल्या प्रत्येक प्रामाणिक चालकाच्या निगेटिव्ह रिपोर्टवर संशयाची सावली पडते, याचे मला जास्त वाईट वाटते.

अजून एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच १०६(१) मध्ये, उपचार करताना डॉक्टरच्या निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा २ वर्षांपर्यंतच आहे. चालकाला ५, डॉक्टरला २. जमावाच्या मारहाणीपासून रुग्णालये आणि डॉक्टर यांना वाचवण्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदाही आहे. जमावाची भीती काय असते ते आम्हाला नीट माहीत आहे. आम्हीही अशा वेळी दार लावून आत बसतो. पण रुग्ण दुसऱ्या डॉक्टरच्या हाती दिल्याशिवाय मागच्या दाराने निघून जात नाही, आणि लगेच पोलिसांना फोन करतो. चालकाकडून मी तेवढ्याचीच अपेक्षा करतो.

लपण्याने कोणाचे नुकसान होते?

गाडी सापडली, तर मृताच्या कुटुंबाला मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे कागदपत्रे नीट असतील तर भरपाई बहुधा विमा कंपनी देते. ती कमावत्या माणसाच्या वयावर आणि मिळकतीवर ठरते. गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, बस. चालक लपला की एखाद्या धानाच्या शेतकऱ्याच्या विधवेचे हे नुकसान होते. चालकाला वाटते की आपण स्वतःला वाचवले. प्रत्यक्षात त्याने बऱ्याचदा स्वतःच्या विमा कंपनीला वाचवलेले असते.

लपणे आता सोपेही राहिलेले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर देवलापारजवळ ट्रकच्या धडकेत एका महिलेचा मृत्यू झाला. कोणी थांबेना, म्हणून नवऱ्याने तिचा मृतदेह दुचाकीला बांधून नेला. तो व्हिडिओ आपण सर्वांनी पाहिला. ट्रक पोलिसांनी नंतर सीसीटीव्ही चित्रणाच्या विश्लेषणातून शोधून काढला. त्या घटनेत चालक थांबला नाही, आणि रस्त्यावरून जाणारे आपणही थांबलो नाही.

माझे मत

१०६(२) जसे आहे तसे उद्या लागू करू नये, असे मला वाटते. त्यात "घटनेनंतर लवकरच" कळवा असे आहे, पण लवकर म्हणजे किती, आणि ११२ वर केलेला फोन पुरेसा आहे का, हे स्पष्ट लिहिलेले नाही. जमावाचा उल्लेखही नाही. कळवण्याची सुरक्षित वाट न दाखवता नुसती शिक्षा वाढवली, तर घाबरलेला माणूस आणखी खोल लपतो. डॉक्टर म्हणून मला त्याचा फोन हवा आहे, त्याची दहा वर्षे नकोत.

म्हणून आधी नियमात लिहावे की ११२ वर नोंदवलेला फोन म्हणजे माहिती दिली. चालकाने कोणत्याही पोलीस ठाण्यात हजर व्हावे, "हद्द आमची नाही" म्हणून त्याला परत पाठवू नये. चालकाला मारहाण करणाऱ्यांवरही तितक्याच तत्परतेने गुन्हा नोंदवावा. एवढे झाल्यावरही जो जखमीला रस्त्यावर टाकून गायब होतो, त्याला कडक शिक्षा व्हायला माझी हरकत नाही.

तोवर, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने आणि त्याच्या घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे :

१. गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू करा. १०८ वर रुग्णवाहिका मागवा, ११२ वर पोलिसांना कळवा. ठिकाण, किलोमीटरचा दगड किंवा जवळचे गाव सांगा.

२. थांबणे सुरक्षित असेल तर वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. तोंडात रक्त किंवा उलटी असेल तर मान न पिळता, डोके आणि धड एकत्र वळवून कुशीवर करा.

३. जमाव अंगावर येत असेल तर निघा, पण फोन करत निघा आणि थेट पोलीस ठाण्यात किंवा रुग्णालयात जा. फोन बंद करू नका. कॉलची नोंद हा तुमचा पुरावा आहे.

४. स्वतःची वैद्यकीय तपासणी मागून घ्या. मधुमेह, फिट, चालू औषधे डॉक्टरला सांगा. अटक झाली असेल तरी वैद्यकीय तपासणी हा तुमचा हक्क आहे.

५. मालकाने "दुसऱ्याला चालक दाखवू" म्हटले तर नकार द्या. तो बचाव नाही, नवा गुन्हा आहे.

६. वकिलाला त्याच दिवशी भेटा. विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि जे गाडी चालवत नाहीत त्यांच्यासाठी : जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने २०१९ पासून संरक्षण आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना नेमलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनाशुल्क उपचारांची योजनाही लागू आहे. गर्दी जमली असेल तर चार जणांनी जखमीकडे पाहावे आणि दोघांनी चालकाला मारापासून वाचवून बाजूला बसवावे. तो तिथे बसून राहिला, तर गाडीचा नंबर, विम्याचा कागद, रक्ताचा नमुना सगळे मिळते. त्याला मारून पळवून लावले, तर जखमीच्या घरच्यांच्या हाती राग सोडून काही राहत नाही.